पत्र्याची कड

जानरावांनी तांब्याचा पत्रा शेगडीवरच्या तव्यावर क्षणभर टेकवला. मागे लावलेली लाख पाघळल्याचा वास आला तसा तो चिमट्याने उचलला आणि डाव्या हाताची करंगळी पुढ्यातल्या लाकडी जहाजाच्या कुशीवरून सरकवत नेली. करंगळी आदल्या पत्र्याच्या कडेला अडली. नखाएवढा तो नवा पत्रा तिथेच टेकवून त्यांनी अंगठ्याने दाबून धरला आणि मनात वीसपर्यंत मोजलं. मग मान कलती करून, एक डोळा मिटून, दारातून येणाऱ्या सकाळच्या उन्हात ते जहाज फिरवून पाहू लागले. पाहू लागले म्हणजे, पाहत असल्यासारखं करू लागले.

“चहा निवून राह्यला,” मनकर्णा म्हणाली.

“ठेव तिथंच.”

बशीचा आवाज उजव्या गुडघ्यापाशी झाला होता. जानरावांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि सहज नेल्यासारखा हात तिकडे नेला. कप सापडला. असे बारके बारके विजय मिळवण्यात हल्ली त्यांचा दिवस जायचा. घरातल्या घरात आपण बायकोला फसवतो आहोत याची सुरुवातीला लाज वाटायची. आता तीही वाटेनाशी झाली होती.

जहाज अडीच हात लांब होतं. मेळघाटातल्या सागाच्या तुकड्यांतून त्यांनी ते दोन वर्षं कोरलं, तासलं, जोडलं होतं. वर तीन डोलकाठ्या उभ्या होत्या. खाली, जेवढं पोट पाण्यात बुडायचं तेवढ्यावर तांबं चढत होतं, दोन्ही कुशींना सात सात ओळी. अमरावतीत, जिथे मोठं पाणी म्हणजे वडाळीचा तलाव, तिथे हे जहाज कशाला, असं वस्तीतली माणसं गमतीने विचारायची. जानराव हसून वेळ मारून नेत.

कशाला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाळेच्या कर्मशाळेत ते नऊ वर्षं सुतारकाम शिकवत होते, नऊही वर्षं हंगामी. एप्रिलात कमी करायचं, जुलैत पुन्हा घ्यायचं. यंदा, नवं राज्य होऊन दीड वर्ष झाल्यावर, ती जागा कायम होणार होती. उमेदवाराने आपल्या हाताचं एक मोठं काम दाखवायचं आणि मुंबईहून येणाऱ्या साहेबाने ते तपासायचं, असा हुकूम होता. जानराव लढाईच्या काळात आरमारात सुतार म्हणून भरती झाले होते. सेहेचाळीसच्या नाविकांच्या संपानंतर जे काढले गेले त्यांत त्यांचंही नाव होतं. मग चार वर्षं मुंबईच्या बंदरावर एका म्हाताऱ्या कच्छी मिस्त्रीच्या हाताखाली त्यांनी जहाजांचे नमुने बनवले. हे काम अमरावतीत दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

आणि दिवाळीनंतर त्यांना दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही. आधी दोन्ही बाजूंचं जग गेलं. समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं उरलं, आणि मग त्या नळीतही धूर भरायला लागला. अमरावतीच्या डॉक्टरकडे गेलं तर संध्याकाळपर्यंत शाळेत कळलं असतं. म्हणून ते अकोल्याला गेले, घरी तांबं आणायला जातो असं सांगून. तिथल्या डॉक्टरने बराच वेळ तपासलं.

“काचबिंदू आहे,” तो म्हणाला. “गेली ती नजर परत यायची नाही. राहिलीय ती या थेंबांनी टिकेल तेवढी टिकेल. एक दिवस चुकवू नका. बरोबर कोणी आलंय?”

“आलं नाई,” जानराव म्हणाले.

येताना त्यांनी खरंच एका तांबटाकडून पातळ ठोकलेलं तांबं आणलं. थेंबांची बाटली खिळ्यांच्या डब्यात लपवली. कायम झाल्यावर डोळे गेले तर सरकार माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. हंगामी माणसाचे डोळे गेले तर तो माणूसच गेला. मुलगी शालू नांदगाव खंडेश्वराला दिली होती, तिच्या दारात जाऊन बसायचं त्यांच्या मनात नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि साहेब येईपर्यंत, म्हणजे माघापर्यंत, ती झाकून ठेवायची होती.

तांबं कापायला घेतलं त्या दिवशी मनकर्णा शेजारी येऊन बसली होती.

“लाकडाले तांबं कायले?”

“समुद्रात किडा असते. लाकूड पोखरते.”

“समुद्रातबी उधई?”

“तशीच समज.”

तिने एक पत्रा उचलून उन्हात धरला. तिचं माहेर भातकुलीकडचं. बाप जिनिंगच्या शेडवर टिन ठोकायच्या कामाला जायचा आणि लग्नाआधी तीही त्याच्याबरोबर शिडी चढायची. पत्रा हातात आला की तो कसा बसतो हे पाहिल्याशिवाय तिला राहवत नसे.

“अन् हे चालते कायनं? इंजन तं दिसत नाई.”

“वाऱ्यानं. वारा मांगून येते, शिडात भरते, अन् जहाज पुढं लोटते.”

“वारा मांगून येते,” ती स्वतःशीच म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

पहिल्या तीन ओळी त्यांनी दोन्ही बाजूंना नीट लावल्या. कच्छी मिस्त्रीने शिकवलं होतं तसंच. सुरुवात जहाजाच्या शेपटापासून, खालच्या कण्यालगत. मग एकेक पत्रा पुढे नाकाकडे न्यायचा, आणि पुढच्या प्रत्येक पत्र्याची मागची कड आदल्यावर चढवायची. चौथ्या ओळीला मात्र रेघ दिसेना. त्या दिवशी लावलेले पत्रे वर-खाली झाले असणार हे त्यांना लावतानाच कळलं होतं. हात धुवून ते शाळेत गेले आणि दिवसभर मुलांना रंधा मारायला सांगून स्वतः खिडकीशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीत भीत त्यांनी ओळीवरून नख फिरवलं. ओळ सरळ होती. शेपटापासून नाकापर्यंत, काम करताना बोट जसं जातं तसं, त्यांनी बोट नेलं. बोट कुठे अडलंसुद्धा नाही, जणू सांधेच नव्हते. पहिल्या तीन ओळींत तरी कडा लागत होत्या, ही ओळ त्यांच्याहून सफाईदार होती. पाचवी तशीच निघाली. सहावीही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. जानरावांना तर अख्खं जहाज मिळालं होतं. धूर दिसतो खरा, पण हाताला दिसतंय ना, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग धूर कमी झाल्यासारखाही वाटू लागला. डॉक्टर तरुण होता, अशी पोरं घाईत काहीही सांगतात. संक्रांतीला थेंबांची बाटली संपली. अकोल्याला जायचं, दुसरी आणायची, पुन्हा मनकर्णेला काहीतरी थाप मारायची. ते गेले नाहीत. गरजच काय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि त्या रात्री ते कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

आज शनिवार. सातवी ओळ पुरी होत आली होती. शाळा अर्धा दिवस. ते दुपारी परतले तेव्हा पाठोपाठ मुख्याध्यापक महादेवराव सायकलवरून आले. मूळचे शेतकरी घरातले, सरळ माणूस. या जागेसाठी त्यांनीच जानरावांचं नाव लावून धरलं होतं. मनकर्णा पाण्याला गेली होती.

“जय भीम, जानराव. पाहू द्या तुमचं जहाज.”

जानरावांनी आवाजाच्या रोखाने हात जोडले. महादेवराव जहाजापाशी उकिडवे बसले.

“काय ओळी हायेत, राजेहो. फुटपट्टी लावून मारलेल्या. मशीनलेबी जमणार नाई.”

“लागले कसे तरी,” जानराव म्हणाले. त्यांचे कान तापले.

“सोमवारी साहेब येतेत. परवा अकोल्यात व्हते. कोकणातले हायेत, आजा गलबतं बांधे त्याईचा. अकोल्यात एकाचं कपाट त्यांनी डोळे मिटून तपासलं म्हणतात, नुसता हात फिरवून. तुमच्या जहाजावर तं नाकापासून शेपटापर्यंत हात फिरवल्याबिगर राहणारच नाईत.” ते उठले. “एक पत्रा मात्र ठेवा. तो त्याईच्या समोर लावा लागते. अन् काम स्वतःच केलं, कोणाची मदत घेतली नाई, असं लिहून द्या लागते. ते काय, रीतच हाये.”

सायकलची घंटी लांब गेली. जानराव जहाजापाशी बसले. साहेब करील तसंच आपण करून पाहावं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि जहाजाच्या नाकावर बोट टेकवलं. इतक्या दिवसांत उलट्या बाजूने हात फिरवायची वेळच आली नव्हती. बोट मागे सरकवलं आणि ते अडलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कडेने बोट चिरलं.

त्यांनी खालच्या तीन ओळींवरून हात नेला. पाणी वाहावं तसा हात गेला. चौथीवर अडला. पाचवी, सहावी, सातवी, दोन्ही कुशींना तेच. कडा नाकाकडे तोंड करून उभ्या होत्या. समुद्रात हे जहाज सोडलं असतं तर पाण्याने पहिल्याच दिवशी एकेक पत्रा उचकटून काढला असता.

हे आपल्या हाताने झालेलं नाही, हे त्यांना लगेच कळलं. हात असा चुकत नाही. मग बाकीचंही एकेक करून कळत गेलं. पौषापासून मनकर्णा कंबर धरली म्हणून मजुरीला जात नव्हती. तिच्या बोटांना चिंध्या असायच्या, विळी लागली म्हणायची. तिच्या हाताला भाकरीच्या पिठाऐवजी लाखेचा वास यायचा, आणि तो आपल्याच अंगाचा आहे असं त्यांनी धरून चाललं होतं. वारा मांगून येते, असं तिला सांगितलं होतं ते कोणी? ते शाळेत गेले की त्यांचे वाकडे पत्रे काढून तिने टिनाच्या हिशेबाने पुन्हा लावले होते. ज्या बाजूने झड येते तिकडे पत्र्याची पाठ करायची, कड दुसरीकडे ठेवायची. वारा मागून येतो तर झडही मागूनच येणार. विचार करून, जीव लावून तिने प्रत्येक ओळ उलटी बसवली होती.

आणि त्यांची नजर? ती कुठे परत आली नव्हती. हाताला दिसत होतं ते तिचं काम होतं. त्या कामाच्या भरवशावर त्यांनी थेंब सोडले होते. संक्रांतीपासून आजवरचे दिवस त्यांनी बोटांवर मोजले. मग मोजायचं सोडलं. रक्त जहाजावर पडू नये म्हणून बोट तोंडात घातलं आणि लहान मुलासारखे ते बसून राहिले. त्यांना ओरडावंसं वाटत होतं. कोणावर, ते ठरत नव्हतं.

दारात घागर टेकल्याचा आवाज झाला.

“मनकर्णा.”

“काय जी?”

बोललं तर सगळंच उघडं पडणार होतं. न बोललं तर सोमवारी साहेबाचं बोट अडणार होतं. एकट्याने पत्रे काढून लावायचे तर त्यांना ओळ दिसत नव्हती.

“जहाजाले पानी समोरून लागते,” ते म्हणाले.

चुंबळ डोक्यावरून काढून तिने खुंटीला अडकवल्याचा आवाज आला.

“अन् वारा?”

“वारा मांगूनच येते. पन जहाज पुढं जाते ना. पुढं गेलं का पानी समोरून लागते.”

“माहा बाप म्हने, झडीले कड दाखवू नाई. मले वाटलं झड मांगून येते.”

“बराबर म्हने तो.”

“समदे उलटे लागले काय?”

“तू लावले तेवढे.”

ती येऊन समोर बसली. तिचा श्वास जोरात चालला होता, घागर आणल्यामुळे की कशामुळे ते त्यांना कळलं नाही.

“कवापासून माईत हाये तुले?” त्यांनी विचारलं.

“तुमी अकोल्याहून आले त्या दिवसी. तांबं पाहाय कसं हाये म्हनले, अन् भिंतीले दाखवलं. मी चुलीपाशी व्हती.” थोडं थांबून ती म्हणाली, “मंग खिळ्याच्या डब्यात ते औषध दिसलं. म्या झाकन लावून ठेवलं परत.”

“सांगितलं काहून नाई?”

“तुमी तरी सांगितलं काय?”

ती उठली, शेगडीत कोळसे टाकले आणि फुंकू लागली.

“लोखंडी सळई कोठी हाये? पैले उलटे लागले ते काढू.”

ते शनिवारी दिवेलागणीपर्यंत काढत राहिले आणि रविवारी तांबडं फुटल्यापासून लावत राहिले. ती सळई तापवून पत्र्यावर टेकवायची, लाख सैल झाली की चिमट्याने सोडवायची. जानराव पत्रा घासून, पुन्हा लाख लावून तिच्या हातात द्यायचे. शेपटापासून सुरुवात. ती रेघेवर पत्रा धरायची, ते करंगळीने कड चाचपून मान हलवायचे, मग ती दाबायची. पहिल्या ओळीला तिने दहा वेळा विचारलं, दुसरीला दोनदा. तिसऱ्या ओळीपासून ती विचारीनाशी झाली, आणि जानरावांना दिसलं नाही तरी कळलं की ती त्यांच्यापेक्षा चांगलं काम करते आहे. दुसऱ्या कोणत्या दिवशी त्यांना याचा आनंद झाला असता.

दुपारी दोघांनी उभ्याउभ्याच भाकर खाल्ली. तिच्या आठ बोटांना चिंध्या होत्या, भाकरीचा तुकडा मोडताना त्या ताटाला घासल्याचं त्यांना ऐकू आलं.

“थेंब टाकले काय आज?” तिने विचारलं. पहिल्यांदाच, उघडपणे, मीठ वाढलं काय असं विचारावं तसं.

जानरावांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. सांगितलं तर तिला समजलं असतं की तिने लपून लपून जे काम करून दिलं त्यानेच त्यांचे थेंब सुटले. ती हे आयुष्यभर उरावर घेऊन फिरली असती.

“टाकले,” ते म्हणाले.

“चुकवत जाऊ नका बाप्पा.”

संध्याकाळी नाकाजवळचा, सगळ्यांत वरचा एक पत्रा सोडून काम पुरं झालं. उरलेल्या त्या जागेवर जानरावांनी झोपेपर्यंत रिकामा पत्रा टेकवून पाहिला, उचलला, पुन्हा टेकवला. जागा त्यांच्या बोटांना पाठ झाली.

सोमवारी सकाळी ते दोघं जहाज घेऊन निघाले. सागाच्या घडवंचीवर जहाज, पुढे ती, मागे ते. लोकांना वाटलं असेल दोघांनी धरावं एवढं ते जड आहे. तसं ते नव्हतं. घडवंचीचा दांडा हातात असला की पुढची वाट कळत होती. शाळेत पोचल्यावर ती व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसली.

साहेब पन्नाशीचे होते, हळू बोलणारे. आत टेबलावर जहाज ठेवल्यावर त्यांनी जागा सोडली, चष्मा काढून ठेवला आणि महादेवराव म्हणाले होते तसंच केलं. नाकापासून शेपटापर्यंत त्यांचा तळवा तांब्यावरून गेल्याचा बारीक आवाज जानरावांनी ऐकला. मग दुसरी कूस.

“कुठे शिकलात?”

“मुंबईले, बंदरावर. कच्छी मिस्त्री व्हते एक.”

“असं काम मी लहानपणी पाहिलंय. नंतर आजच.” साहेबांचा आवाज जरा मऊ झाला होता. “एक पत्रा राहिलाय ना? लावा.”

शेगडी, तवा, चिमटा सगळं महादेवरावांनी मांडून ठेवलं होतं. जानरावांनी पत्रा तव्यावर टेकवला, वासाची वाट पाहिली, उचलला. करंगळी कुशीवरून सरकली, आदल्या पत्र्याच्या कडेला अडली. त्यांनी पत्रा टेकवून दाबला आणि वीसपर्यंत मोजलं. साहेब वाकून पाहत होते, त्यांचा श्वास जानरावांच्या मनगटाला लागत होता.

“बघितलंत, महादेवराव? हा माणूस जागेकडे बघतसुद्धा नाही. आमचे आजोबा म्हणायचे, डोळ्याने लावतो तो शिकाऊ.”

महादेवराव समाधानाने हसले. जानरावांनीही हसण्याचा प्रयत्न केला. झालं होतं. नऊ वर्षांनी झालं होतं.

“आता एवढ्यावर सही करा.” कागद सरकवल्याचा आवाज आला आणि साहेबांनी तो वाचून दाखवला. “‘सदर हस्तकाम मी स्वतः, अन्य कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केले आहे.’ इथे खाली.”

टाक हातात आला. जानरावांनी डावी करंगळी कागदावर टेकवली आणि सरकवली, जशी तांब्यावरून सरकवतात तशी. खाली नेली, पुन्हा वर आणली. इथे म्हणजे कुठे? कागद सगळीकडे सारखाच गुळगुळीत होता. त्याला कुठे कड नव्हती. टाकाच्या टोकाला शाई जमून जड झाल्याचं त्यांना जाणवत होतं आणि हात खाली टेकत नव्हता. महादेवरावांच्या खुर्चीचा आवाज थांबला. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून त्यांनी वाट पाहिली.

“साहेब,” ते शेवटी म्हणाले, “भाईर माही बाई बसली हाये. तिले आत येऊ द्या.”

महादेवरावांनी हाक मारली. मनकर्णा पदर सावरत आत आली, टेबलापाशी थांबली आणि सगळं एका नजरेत समजली. तिने कागदावर, सहीच्या रेघेच्या सुरुवातीला, चिंधी बांधलेलं बोट ठेवलं. जानरावांच्या करंगळीला ते बोट लागलं. त्याला लागून त्यांनी सही केली.

साहेबांनी आधी सहीकडे पाहिलं, मग जानरावांच्या डोळ्यांकडे, मग बाईच्या बोटांकडे. लाखेने काळी पडलेली आठ बोटं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

“बाई, पहिला पत्रा कुठून लावायचा?”

मनकर्णेने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

“मांगून,” ती म्हणाली. “वारा मांगून येते, पन पानी समोरून लागते. पान्याले कड दाखवू नाई.”

शाई वाळेपर्यंत साहेबांनी कागद हातात धरला. मग तो फाइलीत ठेवला, बाकीच्या कागदांच्या खाली, आणि फाइलीची दोरी बांधली.

“मुंबईला गेल्यावर कळवतो,” ते महादेवरावांना म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. “डोळ्यांचं औषध चालू आहे ना?”

जानराव तोंड उघडणार तेवढ्यात मनकर्णाच म्हणाली, “हाये जी. येक दिवस चुकवत नाईत.”

जानरावांनी चाचपून जहाजाच्या नाकावर बोट टेकवलं आणि हळूहळू शेपटाकडे नेलं. ते कुठेही अडलं नाही.